वाचनसंचातली पानं

सत्र सुरू होण्याआधी एम.ए. मराठीसाठी निवडक उताऱ्यांचा वाचनसंच तयार करताना माझ्यासमोर अभ्यासक्रमाची प्रत उघडी असते. प्रत्येक पुस्तकाबाबत आधी बघायचं, लेखक कधी गेला.

आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर, पुढच्या जानेवारीपासून ६० वर्षं कॉपीराइटचा हक्क टिकतो. कवी मर्ढेकर १९५६ साली गेले. त्यांच्या हयातीत छापलेल्या कविता २०१७ पासून सर्वांच्या झाल्या. मात्र त्याच कवितांवरचा अलीकडचा समीक्षालेख किंवा नव्या आवृत्तीची प्रस्तावना ज्याची त्याची. विंदा करंदीकर २०१० साली गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०७० संपेपर्यंत संरक्षित.

संरक्षित आहे म्हणून ते वर्गाबाहेर ठेवायचं का? मुळीच नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं ५२वं कलम शिक्षक-विद्यार्थ्यांना अध्यापनासाठी प्रत काढू देतं. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठ आणि तिथल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसवर खटला भरला, तो अशाच संचांवरून. सप्टेंबर २०१६मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचे न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. डिसेंबरात त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने काही मुद्दे पुन्हा सुनावणीला पाठवले. पण संच काढता येतो, दुकानदाराकडून काढून घेतला तरी चालतो, हे कायम ठेवलं. किती पानं, याची टक्केवारी त्यांनी घालून दिली नाही. शिकवण्याला जेवढं लागतं तेवढं, हीच कसोटी. २०१७ साली प्रकाशकांनी दावा मागे घेतला. महागडी पुस्तकं विकत घेणं ज्यांना कधीच शक्य नव्हतं, अशा मुलांच्या बाजूने हा निकाल उभा राहिला, असं मी मानते.

टक्केवारी नाही, म्हणून जबाबदारी शिक्षकावर येते. मी प्रत्येक उताऱ्याच्या माथ्यावर लेखक, पुस्तक, प्रकाशक, पानं आणि अभ्यासक्रमातला घटक लिहिते. घटक लिहिता आला नाही, तर उतारा कितीही आवडता असो, काढून टाकते. झेरॉक्सवाल्याकडे पुस्तक देत नाही, निवडलेली पानंच देते.

अख्खा कवितासंग्रह नेमलेला असेल तेव्हा झेरॉक्सचा विचारच सोडते. मराठी कवितेचे प्रकाशक थोड्या प्रतींवर तगून असतात. तिथे ग्रंथालयाकडे जादा प्रतींची मागणी लावते, आणि ती जूनच्या आत लावावी लागते. संचाची पीडीएफही वर्गाच्या लॉगिनमागे ठेवते. व्हॉट्सअॅपवर टाकली की ती वर्गापुरती राहत नाही, म्हणून मुलांना पहिल्याच तासाला हे सगळं समजावून सांगते.