जुनाट दमा : निसर्गोपचार व औषधोपचार यांची सांगड

दमा हा श्वासनलिकांचा जुनाट विकार असून तो बालकांपासून वृद्धांपर्यंत कोणालाही होऊ शकतो. या आजाराबाबत समाजात दोन टोकाची मते आढळतात. काहीजण त्रास झाला की तेवढ्यापुरती गोळी किंवा इंजेक्शन घेतात व पथ्य पाळत नाहीत. काहीजण 'पंपाची सवय लागते' या भीतीने औषध सोडतात, काढे व चूर्ण घेतात किंवा मृग नक्षत्रावर मासळीच्या औषधासाठी हैदराबाद गाठतात. ही दोन्ही टोके घातक आहेत.

दमा म्हणजे काय?
दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिकांना आतून सूज असते. धाप नसतानाही ती बहुधा कायम असते. धूळ, धूर, परागकण, सर्दी किंवा थंड हवा यांचे निमित्त होताच नलिका आकुंचन पावतात, कफ साचतो व छातीतून घरघर ऐकू येते. म्हणून औषधेही दोन प्रकारची असतात. एक तात्काळ आराम देणारे. दुसरे सूज कमी करणारे व रोज घ्यावयाचे. दुसऱ्याचा गुण लगेच जाणवत नाही, म्हणून रुग्ण तेच आधी बंद करतो आणि तेथेच घात होतो.

पंपाची भीती
पंपाच्या एका मात्रेत साधारणतः १०० ते २०० मायक्रोग्रॅम स्टेरॉइड असते. स्टेरॉइडच्या ५ मिलीग्रॅमच्या गोळीत ५००० मायक्रोग्रॅम असते. पंपाचे औषध अल्प असून थेट फुप्फुसात जाते. ते घेतल्यावर चूळ भरावी. पंपाचे व्यसन लागत नाही.

वनस्पती व औषधे
निसर्ग आणि आधुनिक वैद्यक यांचे वैर नाही. थिओफिलिन हे दम्याचे औषध १८८८ साली चहाच्या पानांतून वेगळे करण्यात आले. कफ पातळ करणारे ब्रोमहेक्झिन हे अडुळशातील द्रव्यावरून तयार झाले. अडुळशाने कफ सुटण्यास मदत होईल, परंतु नलिकांची सूज त्याने जाईल असे समजू नये. नाव-पत्ता नसलेल्या पुड्या तर टाळाव्यातच. अशा काही चूर्णांत स्टेरॉइडची भेसळ आढळली आहे.

श्वासाचा अभ्यास
आनापानात श्वास केवळ पाहिला जातो, तर प्राणायामात तो नियंत्रित केला जातो. संथ श्वसनाच्या व्यायामाने रुग्णाची घबराट कमी होते व दैनंदिन जीवन सुसह्य होते, असे अभ्यासांत दिसते. मात्र सूज कमी करण्याचे काम औषधाचेच आहे. धाप लागली असताना श्वास रोखून धरू नये.

घरी व विहारात पाळावयाची पथ्ये
१) धूम्रपान, चुलीचा धूर व कचरा जाळणे टाळावे.
२) गाजरगवत फुलण्यापूर्वीच उपटावे, हे काम दम्याच्या रुग्णाने करू नये.
३) ज्वारी-बाजरीच्या मळणीच्या वेळी नाकातोंडावर कापड बांधावे.
४) रंगरंगोटी व झाडलोट चालू असताना रुग्णाने दूर राहावे.
५) विहारात दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, अगरबत्ती कमी लावावी. वंदनेला धुराची नव्हे, श्रद्धेची गरज असते.
६) काढा किंवा चूर्ण चालू असल्यास डॉक्टरांना न लपवता सांगावे.

धोक्याची लक्षणे
एक वाक्यही सलग बोलता न येणे, ओठ निळसर पडणे, ग्लानी येणे, पंप घेऊनही आराम न पडणे ही धोक्याची लक्षणे होत. अशा वेळी रुग्णास आडवे न झोपवता बसते ठेवावे, आराम देणारा पंप द्यावा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व त्वरित रुग्णालय गाठावे. आपल्या छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरात १९५६ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, म्हणजे आपली घाटी, आहे. काढा उकळण्यात वेळ दवडू नये.

सारांश, पथ्य, व्यायाम व श्वासाचा अभ्यास ही औषधाची जोड आहे, औषधाचा पर्याय नव्हे. बरे वाटू लागल्यास मात्रा कमी करण्याचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावा. विद्यार्थ्यांनी ही माहिती आपल्या घरातील व वस्तीतील वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावी. सर्वांना निरोगी दीर्घायुष्य लाभो, हीच मंगलकामना!