पास कीं पाश ?

प्रवासाला निघालेल्या मनुष्याच्या हातीं तिकिटाऐवजीं पास देण्याची चाल आतां सर्वत्र पडली आहे. एकदां पैसे भरावे, आणि नेमलेल्या दिवसांत वाटेल तितकें हिंडावें व वाटेल तितकें पाहावें, अशी ही सोय. सोय खरीच, परंतु संस्कृतांत ‘पाश’ म्हणून एक शब्द आहे, आणि या दोन शब्दांत अंतर फार थोडें आहे, ही गोष्ट आमच्या घराला दोन वर्षांपूर्वीं जरा महाग पडून कळली. परदेशीं मुलांकडे जाणारी वडील मंडळी आतां घरोघर आहेत, आणि त्यांच्यापुढेंही हाच प्रश्न उभा राहतो. म्हणून ती हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचें राहणें वाळूज येथें. वेरूळ आम्हांस जवळ, आणि जवळचें तीर्थ म्हणून तेथें जाणें वर्षानुवर्षें लांबलेलें. आमचे थोरले बंधू अण्णा यांचें वय तेव्हां अठ्ठ्याहत्तर होतें. कैलास लेण्यापुढें एकदां स्वस्थ बसावें, एवढीच त्यांची इच्छा. पुतण्यानें ती मनावर घेतली आणि राज्य परिवहन महामंडळाच्या ‘आवडेल तेथे प्रवास’ या योजनेचे चार दिवसांचे पास आणले. ही योजना १९८८ सालापासून चालत आली आहे. तिच्यांत चार व सात सलग दिवसांचे पास मिळतात. पंचाहत्तरी उलटलेल्या अण्णांना एस. टी. चा प्रवास फुकटच; तेव्हां वहिनी, आम्ही, आमचें कुटुंब, पुतण्या व दहा वर्षांचा नातू अशा पांच जणांचे पास झाले.

पास घरांत येतांच घरची हवा पालटली. कैलास मागें पडला आणि ‘चार दिवसांत किती वसूल होईल’ हा एकच विचार पुढें आला. रविवारीं अजिंठा, सोमवारीं पैठण, मंगळवारीं वेरूळ आणि बुधवारीं लोणार, असा बेत ठरला. अजिंठ्यास फर्दापूरच्या तिठ्यावर गाडी सोडून पुढील चार किलोमीटरांसाठीं दुसरी गाडी धरावी लागते, आणि त्यानंतर पायऱ्यांचा चढ. त्या एका दिवसानेंच अण्णांचे पाय बोलूं लागले. मंगळवारीं वेरुळास पोंचलों तों लेण्यांचें फाटक बंद ! वेरुळास मंगळवारीं व अजिंठ्यास सोमवारीं सुटी असते, हें आम्हां सहा जणांपैकीं एकानेंही विचारून ठेवलें नव्हतें.

घृष्णेश्वराचें दर्शन घेऊन आम्ही परत फिरलों. वाटेंत वहिनी म्हणाल्या, “भावोजी, लोणार राहूं द्या. उद्यां पुन्हां इथेंच येऊं.” त्यांचें म्हणणें साधें व खरें होतें. परंतु पासाचा शेवटचा दिवस लांबच्या गांवीं खर्चीं घातला नाहीं तर पैसे बुडाले, असा युक्तिवाद करणारे आम्हीच. अण्णा कांहीं बोलले नाहींत. लोणारचें सरोवर त्यांनीं वरच्या कांठावरूनच पाहिलें आणि डोळे मिटून ते सावलींत बसून राहिले.

घरीं आल्यावर आम्हीं कागद घेऊन बसलों. आमचा जन्म शब्दरूपें घोकण्यांत व घोकून घेण्यांत गेला. पण हा हिशेब आम्हांसही जमण्याजोगा होता. एस. टी. त पासष्टीपासून पंचाहत्तरीपर्यंतच्या माणसाला अर्धें भाडें पडतें. स्त्रियांना मार्च २०२३ पासून कोणत्याही वयांत अर्धेंच. आणि बारा वर्षांच्या आंतील मुलालाही अर्धें. म्हणजे सहा जणांत पूर्ण भाडें देणारा एकटा पुतण्याच ! पासाचे दर मात्र दोनच, एक मोठ्यांचा आणि एक मुलांचा. बेरीज केली तेव्हां चार दिवस धांवूनही पुतण्याचा पास जेमतेम बरोबरीस आला. बाकीच्यांच्या पासांत आम्हीं अर्ध्या तिकिटांहून पुष्कळ अधिक पैसे घातले होते. लेण्यांचें प्रवेशमूल्य भारतीयाला चाळीस रुपये, तेंही निराळें. पंधरा वर्षांच्या आंतील नातवाला तेथें कांहींच पडत नाहीं.

हा धडा ताजा असतांनाच धाकट्या बंधूंच्या मुलीचा दूरध्वनि आला. ती नोकरीनिमित्त जर्मनींत असते. आईबाबांना पॅरिस दाखवावें असा तिचा मनोदय. शनिवारीं सकाळीं पोंचून मंगळवारीं सायंकाळीं परत. “काका, पास कोणता घेऊं ?” हा प्रश्न तिनें नेमका पोळलेल्या माणसाला विचारला.

तिनें सांगितलेल्या नियमांवरून पाहतां पॅरिसचा संग्रहालयांचा पास दोन, चार किंवा सहा दिवसांचा असतो, आणि पहिल्या दारीं दाखविल्यापासून त्याचे तास सलग मोजले जातात; तुम्ही झोपलांत तरी ते चालूच. त्यांत रेल्वे-बसचें भाडें येत नाहीं, आयफेल मनोराही येत नाहीं. लूव्र संग्रहालयांत तर पास असूनही वेळ अगोदर राखून ठेवावी लागते. आणि योगायोग असा कीं, लूव्रला वेरुळाप्रमाणें मंगळवारीं सुटी, तर ओर्से संग्रहालय व व्हर्सायचा राजवाडा यांस अजिंठ्याप्रमाणें सोमवारीं ! वाहनांचा आठवड्याचा पास सोमवारीं सुरू होऊन रविवारीं संपतो. शनिवारीं उतरणाऱ्याचे चार दिवस दोन आठवड्यांत विभागले जातात, म्हणून तो पासही बिनकामाचा.

आम्हीं तिला एवढेंच विचारलें, “तुझ्या आईचे गुडघे दिवसांत किती दालनें चालतील ?” बराच वेळ ती गप्प राहिली, मग म्हणाली, “एक. फार तर दीड.” आमच्या भावजयीला चित्रांची आवड मोठी, तेव्हां रविवारीं ओर्से, सोमवारीं लूव्र, आणि मंगळवारीं नोत्र-दाम. २०१९ सालीं आगीनें होरपळलेलें तें मंदिर डिसेंबर २०२४ मध्यें पुन्हां उघडलें असून तेथें प्रवेशाला मूल्य नाहीं. म्हणजे खरेदी दोन तिकिटांची. चार दिवसांचा पास कशाला? इतर नगरांतही असें बरेंच असतें. इटलींतील सरकारी संग्रहालयें महिन्याच्या पहिल्या रविवारीं विनामूल्य असतात, आणि लक्झेंबर्ग देशांत २०२० सालापासून रेल्वे, ट्राम व बस सर्वांनाच फुकट आहेत. तेथें पास घेणारा केवळ दुकानदाराचें कल्याण करतो.

याचा अर्थ पास नेहमींच वाईट असा नव्हे. तरुण मंडळी एका दिवसांत तीन संग्रहालयें हिंडत असेल, किंवा रोज लांबचा पल्ला मारीत असेल, तर पास त्यांना निःसंशय लाभतो. परंतु आधीं बेत आणि मागून पास, हा क्रम मोडूं नये. प्रत्येक माणसाची बेरीज निराळी करावी. वयाची सवलत कोणास आहे तें पाहावें. सुटीचे वार पाहावे. पासांत काय येत नाहीं तेंही वाचावें. मग बेताच्या तिकिटांची बेरीज पासाहून जास्त भरली तरच तो घ्यावा.

पुढल्याच महिन्यांत, एका गुरुवारीं, आम्ही अण्णांना घेऊन साध्या तिकिटानें पुन्हां वेरुळास गेलों. चौतीस लेण्यांपैकीं त्या दिवशीं एकच पाहिलें. आठव्या शतकांत राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळीं माथ्यापासून खालीं कोरीत आणलेला तो अखंड खडक. त्याच्या अंगणांत सावली पाहून अण्णांना बसविलें. वहिनींनीं डबा व तांब्या शेजारीं ठेवला. तासाभरानें अण्णा आमच्याकडे वळून म्हणाले, “आज कुठें जायचं नाहीं ना रे ?”

“नाहीं,” आम्हीं म्हटलें, आणि त्यांच्याजवळ बसलों.