सही तीच, कोड बदललेला

लेखमाला : भिंतीआडचे इंजिनिअर (लेखांक ६)

मागच्या आठवड्यात तीस वर्षं उलटलेल्या इमारतींच्या स्ट्रक्चरल ऑडिटविषयी लिहिलं होतं. त्यावर एका वाचकांनी नेमका प्रश्न पाठवला. ‘माझी मुलगी डॉक्टर आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी टिकवायला तिला पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. जावई सीए. प्रॅक्टिस करतो म्हणून त्याला तीन वर्षांत १२० तासांचा अभ्यास दाखवावा लागतो. आमच्या सोसायटीच्या दाखल्यावर सही करणाऱ्या इंजिनिअरसाहेबांना किती तास?’

शून्य. देशभर लागू होईल असा एकही तास कुठल्या कायद्याने इंजिनिअरवर घातलेला नाही. आर्किटेक्टसाठी १९७२ पासून स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे, डॉक्टर-वकिलांच्या परिषदा तर जुन्याच. इंजिनिअरच्या कायद्याचे मसुदे मात्र येतात, चर्चासत्रांत वाचले जातात आणि फायलीत जातात. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही संस्था १९२० सालची, तिला १९३५ मध्ये रॉयल चार्टर मिळालं, ती ‘चार्टर्ड इंजिनिअर’ ही उपाधी देते. पण तिचं सभासदत्व ऐच्छिक आहे. महापालिका परवाना देते, तो पदवी आणि अनुभव पाहून. अनुभवाची वर्षं आपोआप वाढतात, त्यासाठी काही वाचावं लागत नाही.

हे बोचरं वाटेल, पण मी स्वतःपासूनच सुरुवात करतो. मी १९९० साली पास झालो. काँक्रीट शिकलो ते आयएस ४५६ या भारतीय मानकाच्या, म्हणजे कोडच्या, १९७८ च्या आवृत्तीवर, भूकंप आयएस १८९३ च्या १९८४ च्या आवृत्तीवर आणि लोखंडी बांधकाम आयएस ८०० च्या १९८४ च्या आवृत्तीवर. यांतली एकही आज लागू नाही. ४५६ बदलला २००० मध्ये, ८०० बदलला २००७ मध्ये आणि १८९३ चा इमारतींसाठीचा भाग आधी २००२ मध्ये, मग २०१६ मध्ये. आम्ही आरसीसीला एम-१५ काँक्रीट चालवत होतो, २००० पासून एम-२० च्या खाली जाता येत नाही. साइटवर पीळदार ‘टॉर’ सळई यायची, ती जाऊन टीएमटी आली (बिगारी अजून तिलाच टॉर म्हणतात, तो भाग वेगळा). म्हणजे ज्या पुस्तकांच्या जोरावर मला पदवी मिळाली ती सगळी रद्दीत गेली. पदवी भिंतीवर आहे आणि सहीचा अधिकार तसूभरही कमी झालेला नाही.

भूकंपाचा नकाशा तर आपल्या राज्याने दोनदा बदलायला लावला. ११ डिसेंबर १९६७ ला कोयना हादरलं तेव्हा दख्खनचं पठार भूकंपाच्या दृष्टीने निर्धास्त समजलं जात होतं. १९७० च्या नकाशात कोयनेचा भाग झोन चारमध्ये गेला. पुढे ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी. ते गाव तेव्हा झोन एकमध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होतं. २००२ मध्ये झोन एक नकाशावरून काढूनच टाकला आणि किल्लारीचा परिसर तीनमध्ये आला. ज्याने शेवटचा नकाशा कॉलेजात पाहिला, तो आजही तिथे झोन एकचं गणित मांडेल. आकडेमोड अचूक येईल आणि उत्तर चुकीचं असेल.

किल्लारीच्याच वर्षी आयएस १३९२० हा कोड आला. भूकंपात आरसीसी इमारतीने तडकावं, वाकावं, पण अंगावर कोसळू नये, यासाठी सळया कशा बांधायच्या ते तो सांगतो. झोन तीनमध्ये पाच मजल्यांहून उंच इमारतींना तो तेव्हाच लागू होता. मी ऐकून होतो, वाचला नव्हता. १९९८ च्या सुमारास पुण्यात, म्हणजे झोन तीनमध्येच, एका सात मजली इमारतीचं काम माझ्याकडे होतं. कॉलमचं सळईकाम तपासायला गेलो. फिटर लातूरकडचे, वयाने माझ्याहून बरेच मोठे. त्यांनी विचारलं, ‘साहेब, रिंगेचे हूक आत नाही वळवायचे का? गावाकडं भूकंपानंतरच्या पुनर्वसनाच्या कामावर आत वळवून घेत होते.’

माझ्या ड्रॉइंगवर उभ्या सळयांना आवळणाऱ्या या रिंगांचे हूक काटकोनात होते. आमच्या ऑफिसात डीटेलची एक ठरावीक शीट होती, ती प्रत्येक कामाला जोडली जायची, तिच्यावर ते वर्षानुवर्षं तसेच होते. कोडमध्ये हवे होते १३५ अंशांत, टोकं कॉलमच्या गाभ्यात शिरलेली.

फरक पंचेचाळीस अंशांचा, पण भूकंपात तोच महत्त्वाचा ठरतो. कॉलम हलायला लागला की आधी सळईवरचं काँक्रीटचं कव्हर गळून पडतं. काटकोनातला हूक त्या कव्हरमध्येच अडकवलेला असतो. कव्हर गेलं की तो उघडतो आणि रिंग सैल पडते. मग उभ्या सळया बाहेर फुगतात, आतलं काँक्रीट कुटल्यासारखं फुटतं आणि वरचे मजले बसतात. १३५ अंशांच्या हुकाची टोकं आत असतात, त्यामुळे कव्हर गळलं तरी रिंग आवळलेलीच राहते. यासाठी लोखंड जवळपास तेवढंच लागतं. फिटरला वाकवायला थोडी जास्त मेहनत पडते, एवढंच.

रिंगा बदलून घेतल्या. कंत्राटदार दोन दिवस बोलत नव्हता. फिटर बोलले त्याच रात्री मी तो कोड पहिल्यांदा सलग वाचला. पाच वर्षं उशिरा, तेही फिटरने कान धरल्यावर.

२०१६ मध्ये १३९२० सुधारला आणि झोन तीन, चार, पाचमधल्या आरसीसी इमारतींसाठी कॉलमची रुंदी किमान ३०० मिलिमीटर झाली. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या कॉलम नऊ इंची, म्हणजे २३० मिलिमीटरचा. तो भिंतीत गुडूप होतो, कपाट सरळ बसतं, गिऱ्हाईक खूश. नवा कॉलम खोलीत डोकावतो. २०१६ च्या कोडप्रमाणे पुणे-मुंबई दोन्ही झोन तीनमध्ये आहेत. त्यामुळे बिल्डर, आर्किटेक्ट आणि फ्लॅट घेणारं कुटुंब, तिघांनाही इंजिनिअरने ‘नऊ इंचात बसवा ना’ याला नकार द्यायचा असतो. कोड उघडून ठेवलेला नसेल, तर तो नकार तोंडातून निघत नाही.

बाहेर काय करतात? ह्यूस्टनला माझा एक वर्गमित्र आहे, तिथला परवानाधारक इंजिनिअर. टेक्सासमध्ये इंजिनिअरच्या नोंदणीचा कायदा आला तो एका शाळेमुळे. १८ मार्च १९३७ ला न्यू लंडन या गावातल्या शाळेत गॅस गळून स्फोट झाला, सुमारे तीनशे मुलं-शिक्षक गेले आणि त्याच वर्षी कायदा झाला. आज माझ्या मित्राला दरवर्षी परवाना नूतनीकरणासाठी १५ तासांचा अभ्यास दाखवावा लागतो, त्यातला किमान एक तास व्यावसायिक नीतीचा. प्रमाणपत्रं जपून ठेवावी लागतात, कारण तपासणीला कुणाचंही नाव निघू शकतं. ऑस्ट्रेलियात चार्टर्ड इंजिनिअरला तीन वर्षांत १५० तास. ब्रिटनची इंजिनिअरिंग कौन्सिल तासांपेक्षा नोंदीवर भर देते : काय शिकलात, कामात कुठे वापरलंत, ते लिहून ठेवा.

आणि गंमत अशी, की भूकंपाचं माहेरघर असलेल्या कॅलिफोर्नियात तासांची सक्तीच नाही. पण तिथे सिव्हिल इंजिनिअर म्हणून परवाना हवा असेल, तर भूकंपाच्या विषयाची वेगळी परीक्षा द्यावी लागते.

मला ही परीक्षेची वाट जास्त पटते. तासांचं काय होतं ते मी पाहिलंय. संध्याकाळी सहाला हॉटेलात सेमिनार. रजिस्टरवर सही, गळ्यात बिल्ला, चाळीस मिनिटं वॉटरप्रूफिंगच्या नव्या केमिकलची जाहिरात, मग जेवण. जाताना पिशवी, पिशवीत पेन आणि प्रमाणपत्र. उद्या आपल्याकडे वर्षाला १५ तासांचा नियम झाला, तर असे पंधरा सेमिनार एका हिवाळ्यात उरकणारे निघतील आणि त्यांच्या ड्रॉइंगवर हूक काटकोनातच राहतील. ऑनलाइन कोर्स सुरू करून शेजारी क्रिकेट बघणारेही असतील. आमच्या व्यवसायातल्या माणसांना मी पुरेसा ओळखतो.

तरी शून्यापेक्षा पंधरा बरे, हे मान्य. पण नियम करायचाच असेल, तर तो घड्याळाला न बांधता कोडला बांधावा. एखादा कोड सुधारला की वर्षभरात, सही करणाऱ्या प्रत्येकाने स्वतःच्या एका जुन्या कामाचं गणित नव्या आवृत्तीप्रमाणे मांडावं, दुसऱ्या इंजिनिअरकडून तपासून घ्यावं आणि परवान्याच्या नूतनीकरणाला जोडावं. एक कॉलम, एक बीम, एक फूटिंग पुरे. त्यात वीस तास सहज जातील, मोजायला रजिस्टर लागणार नाही. तपासणाराही शिकेल. महापालिकांना हे परवान्याच्या अटीत घालता येईल, दिल्लीच्या मसुद्याची वाट पाहायला नको.

तोवर काम सोसायट्यांच्या कमिटीवर आहे. ऑडिटसाठी तीन कोटेशनं मागवता, तेव्हा दराच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखा : ‘कोणत्या कोडची कोणत्या सालची आवृत्ती वापरणार?’ उत्तर लेखी घ्या. जुनी इमारत आजच्या कोडमध्ये पूर्ण बसणार नाही, आणि ती बसत नाही म्हणजे उद्या पडेल असंही नाही. पण ती कुठे कमी पडते, हे सांगायला आजचा कोड माहीत असावा लागतो. ‘आमचा तीस वर्षांचा अनुभव आहे’ असं उत्तर आलं, तर ते अर्धंच उत्तर समजा.

आणि माझ्या व्यवसायबंधूंनो, पूर्वी कोड विकत घ्यावे लागत, तेव्हा झेरॉक्सच्या झेरॉक्सवर भागवल्याचं कारण तरी देता येत होतं. आता भारतीय मानक ब्यूरोच्या संकेतस्थळावर नोंदणी केली, की भारतीय मानकं फुकट उतरवून घेता येतात.