चित्रपटातील वेश आणि मातीतील मावळा
हस्तकौशल्याच्या छंदातून इतिहासाची ओळख

दिवाळी जवळ आली की महाराष्ट्रातील गावोगावी, वाड्यांच्या अंगणांत आणि शहरांतील इमारतींच्या आवारांत मुले मातीचे किल्ले उभारू लागतात. दगडविटा रचून त्यांवर चिखल थापला जातो आणि उतारावर मोहरी किंवा अळीव पेरले जातात. सिंहासनावर शिवछत्रपतींची मूर्ती बसवून तटाबुरुजांवर मावळे उभे केले जातात. याच सुमारास किंवा थोड्या पुढे शाळांची स्नेहसंमेलने येतात आणि तेच मावळे रंगमंचावर अवतरतात. चिमुकल्या मूर्ती घडविणे आणि ऐतिहासिक वेश शिवणे हे दोन्ही छंद महाराष्ट्राला नवे नाहीत. मात्र अलीकडे साच्यातून काढलेल्या तयार मूर्ती आणि भाड्याने आणलेले तयार पोशाख सर्वत्र मिळू लागले आहेत. त्यामुळे छंद उरला तरी त्यातील हाताचे काम कमी होत चालले आहे. त्या कामाबरोबर एक चांगले शिक्षणही हातचे जाते, याचा विचार शिक्षकांनी आणि ग्रामपंचायतींनी करणे अगत्याचे आहे.

रुपेरी पडद्याचा प्रभाव

मावळा कसा दिसत असे, या प्रश्नाचे आज बहुतेकांच्या मनात असलेले उत्तर मोठ्या प्रमाणात चित्रपटांनी घडविलेले आहे. कोल्हापूरचे कलामहर्षी बाबूराव पेंटर यांचा ‘सिंहगड’ हा मूकपट १९२३ मध्ये आला. पुढे भालजी पेंढारकर यांनी ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२), ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४) यांसारखे चित्रपट निर्माण केले. बाबूराव स्वतः चित्रकार आणि शिल्पकार होते. त्यामुळे त्यांच्या चित्रसृष्टीत वेश आणि देखावे यांना प्रथमपासूनच महत्त्व होते.

याच कोल्हापुरात १९२९ मध्ये जन्मलेल्या भानू अथय्या यांचे वडील अण्णासाहेब राजोपाध्ये हेही चित्रकार होते. ‘गांधी’ (१९८२) या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासमवेत त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. बॅरिस्टरच्या सुटापासून खादीच्या पंचापर्यंत झालेला गांधीजींचा प्रवास या चित्रपटात वस्त्रांतूनही उलगडतो. वेशभूषा म्हणजे केवळ सजावट नसून व्यक्तीचा काळ, परिस्थिती आणि विचार सांगणारे ते एक साधन आहे, हे यावरून ध्यानी येते.

पडद्यावरील वेश आणि पुरावा

तथापि चित्रपट हा इतिहासाचा पुरावा नव्हे. प्रेक्षकांना दुरूनही पात्र ओळखता यावे म्हणून पडद्यावर रंग भडक आणि दागिने ठसठशीत केले जातात. खुद्द शिवछत्रपतींच्या चित्राच्या बाबतीत महाराष्ट्राला एक मोठा धडा मिळालेला आहे. दीर्घकाळ दुसऱ्याच एका व्यक्तीचे चित्र महाराजांचे म्हणून प्रचारात होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये महाराजांचे अस्सल चित्र प्रकाशात आणले, तेव्हा तो समज दूर झाला. चित्र पुन्हापुन्हा पाहिल्याने ते खरे ठरत नाही, ही जाणीव विद्यार्थ्यांत लहानपणीच रुजली पाहिजे.

यासाठी मुलांना चित्रपट पाहू नका, असे सांगण्याचे कारण नाही. चित्रपट पाहून मनात उत्सुकता निर्माण व्हावी आणि मूर्ती किंवा वेश तयार करण्यापूर्वी जुनी चित्रे, संग्रहालयातील वस्तू व प्रत्यक्ष किल्ला पाहून खातरजमा व्हावी, हा क्रम योग्य होय. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय यांसारख्या ठिकाणी जुनी शस्त्रे जवळून पाहता येतात.

मूर्ती घडविताना

अनेक किल्ल्यांवर मावळा दरवाजापेक्षा उंच दिसतो. एक प्रमाण ठरविले की हा दोष टळतो. एकास पंधरा हे प्रमाण धरल्यास १६५ सेंटिमीटर उंचीचा मनुष्य ११ सेंटिमीटरचा होतो, ९० सेंटिमीटरची तलवार ६ सेंटिमीटरची होते आणि तीन मीटर उंचीचा दरवाजा २० सेंटिमीटरचा होतो. प्रौढ माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या सुमारे साडेसात पट असते. त्यामुळे ११ सेंटिमीटरच्या मूर्तीचे डोके सुमारे दीड सेंटिमीटरचे ठेवावे. गणितातील गुणोत्तर येथे हाताला कळते.

मूर्तीच्या आत तारेचा सांगाडा ठेवल्यास हातपाय मोडत नाहीत. परंतु माती सुकताना आकसते आणि तार आकसत नाही, म्हणून तारेवर कागदाची पट्टी किंवा सुतळी गुंडाळून मगच माती चढवावी. मूर्ती उन्हात ठेवू नये. वरचा थर आधी सुकतो, आत ओल राहते आणि तडे जातात. ती सावलीत सावकाश वाळवावी. शाडूऐवजी जुन्या वर्तमानपत्रांचा लगदा, मेथीची पूड आणि चिंचोक्याची खळ यांचे मिश्रणही चालते व ते वजनाला हलके होते. रंगासाठी गेरू, खडू, काजळी आणि डिंक एवढे साहित्य पुरेसे आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती मातीप्रमाणे पाण्यात विरघळत नाही. शाडूची न भाजलेली मूर्ती मात्र भिजवून पुढील वर्षी पुन्हा वापरता येते.

लहान मूर्तीला कापड नेसवायचे असल्यास नवे, जाड कापड घेऊ नये. ते फुगून राहते आणि मूर्ती बाहुलीसारखी दिसते. जुन्या धोतराचा किंवा साडीचा विरलेला तुकडा पातळ खळीत बुडवून बसविल्यास चुण्या नीट पडतात.

वेश शिवताना

अंगरख्याचा खाका प्रथम वर्तमानपत्राच्या कागदावर कापून अंगावर लावून पाहावा. त्यामुळे कापड वाया जात नाही. अंगरख्याला गुंड्या न लावता बंद लावावेत. ढालीसाठी पुठ्ठ्याचे थर खळीने चिकटवून ते ओलसर असतानाच उपड्या घमेल्यावर वाळवले की त्यांना बाक येतो. चिलखताची जाळी सुतळी विणून आणि तिला रुपेरी रंग देऊन तयार करता येते. रंगभूमीवर ही युक्ती जुनी आहे. एकदा तयार केलेले वेश शाळेच्या पेटीत कडुनिंबाची वाळलेली पाने घालून जपून ठेवल्यास अनेक वर्षे उपयोगी पडतात आणि गरीब पालकांवर भाड्याचा भार पडत नाही.

शाळा आणि ग्रामपंचायती यांचे कार्य

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना शिक्षणाची कल्पना मांडली आहे. सुतार, कुंभार, कलावंत अशा स्थानिक कारागिरांकडून विद्यार्थ्यांनी या काळात शिकावे, असे त्यात अभिप्रेत आहे. गावातील कुंभार आणि शिंपी यांना शाळेत सन्मानाने बोलावण्याची ही उत्तम संधी होय.

ग्रामपंचायतींना किल्ला स्पर्धेच्या नियमांत काही साधे बदल करता येतील. खर्चाची मर्यादा ठरवावी, हाताने घडविलेल्या मूर्तींना स्वतंत्र गुण द्यावेत आणि प्रत्येक किल्ल्याजवळ ही माहिती कोठून मिळविली हे सांगणारा एक फलक मुलांनी लिहावा, अशी अट घालावी. या एका अटीने मुले वडीलधाऱ्यांना विचारतील, ग्रंथालयात जातील आणि किल्ला पाहण्याचा हट्ट धरतील.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याशी निगडित १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी ११ महाराष्ट्रात आहेत, तर जिंजी तामिळनाडूत आहे. या वारशाचे जतन केवळ शासकीय यंत्रणेकडून होणारे नाही. त्यासाठी किल्ला समजणारे नागरिक हवेत. बुरुजाचा बाक मातीत स्वतः साधण्याचा प्रयत्न ज्या मुलाने केला आहे, ते खऱ्या बुरुजावर आपले नाव कोरण्यास सहसा धजावणार नाही. म्हणूनच येत्या दिवाळीत गावातील मुलांच्या हाती तयार मूर्तींऐवजी मातीचा गोळा पडावा, यासाठी शिक्षक, पालक आणि पंचायत सदस्य यांनी आतापासूनच पुढाकार घेणे उचित ठरेल.