जागलीसाठी दुर्बीण : कमी खर्चात योग्य निवड कशी करावी?

ज्वारी हुरड्यात आली, हरभऱ्याला घाटे धरू लागले, की अंबड तालुक्यातील शिवारात जागल सुरू होते. गोदाकाठच्या ऊस व मका पट्ट्यात रानडुकरांचे कळप, तर माळरानालगतच्या शेतात हरीण आणि रोही (नीलगाय) यांचा उपद्रव असतो. मक्यात कळप शिरला तर एका रात्रीत काही गुंठे आडवे होतात. मग ‘बंदुकीवर बसवायची स्वस्तातली स्कोप दुर्बीण कोणती?’ अशी विचारणा होते. या लेखात आधी त्या प्रश्नाचे उत्तर आणि नंतर तेवढ्याच पैशात उपयोगी पडणारी हातातली दुर्बीण कशी निवडावी, याची माहिती दिली आहे.

स्कोपचा विचार का सोडावा?

- कायदा : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार वन्य प्राण्यांची शिकार करण्यास मनाई आहे. पिकाचे नुकसान करणाऱ्या प्राण्याबाबतही सक्षम वन अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. काळवीट तर अनुसूची 1 मध्ये आहे. शेत आपले असले तरी परवानगीशिवाय गोळी झाडणे हा गुन्हा ठरतो.
- बंदूक : शस्त्र अधिनियम, 1959 मध्ये पीक संरक्षणाच्या कारणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. या बंदुकीची नळी सहसा आतून गुळगुळीत असते. तिचा मारा जवळचा असून छर्रे फाकतात. स्कोप हे लांबच्या अचूक नेमासाठी, रायफलकरिता केलेले साधन आहे. ठासणीच्या बंदुकीवर ते बसवून काहीच साधत नाही.
- सुटा स्कोप हातात धरून पाहणे : काही जण ऑनलाइन स्वस्त मिळतो म्हणून ‘3-9x40’ असा स्कोप घेऊन त्यातून शेत पाहतात. तो एका डोळ्याने, डोळ्यापासून तीन-चार इंच लांब धरावा लागतो. 9 पटीवर 100 मीटर अंतरावरचा जेमतेम 4 ते 5 मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. 8 पटीच्या साध्या दुर्बिणीतून तेवढ्याच अंतरावर साधारण 14 मीटर रुंदी दिसते. कळप शोधताना हा फरक फार मोठा आहे.

जागलीत नेम धरण्यापेक्षा प्राणी वेळेत दिसणे, तो कोणता हे ओळखणे आणि कोणत्या वाटेने आत येतो हे कळणे महत्त्वाचे असते. त्यासाठी दोन्ही डोळ्यांनी पाहायची दुर्बीणच योग्य आहे.

दुर्बिणीवरचे आकडे कसे वाचावेत?

प्रत्येक दुर्बिणीवर 8x40, 10x50 असे आकडे असतात. पहिला आकडा म्हणजे प्राणी किती पट जवळ भासतो. 8 पटीच्या दुर्बिणीतून 400 मीटरवरचे रोही 50 मीटरवर असल्यासारखे दिसते. दुसरा आकडा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. भिंग जितके मोठे, तितका जास्त उजेड आत येतो.

दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागावे. येणारे उत्तर म्हणजे डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या उजेडाच्या झोताची रुंदी. दिवसा आपली बाहुली 2 ते 3 मि.मी. उघडी असते. अंधारात ती तरुणपणी 7 मि.मी.पर्यंत उघडते, पन्नाशीच्या पुढे बहुतेकांची 5 मि.मी.च्या आसपास थांबते. जागलीची दुर्बीण अंधूक उजेडात वापरायची असल्याने भागाकार 5 किंवा त्याहून जास्त यायला हवा.

- 8x40 : भागाकार 5. दिवसा व सांजवेळी दोन्हीसाठी चांगली. पहिली पसंती.
- 7x50 : भागाकार सुमारे 7. अंधूक उजेडात सर्वांत चांगली, पण वजनदार.
- 10x50 : भागाकार 5. लांबचे दिसते, पण हात थरथरल्यास चित्र हलते. माळ्यावर टेकून पाहणार असाल तर चालेल.
- 10x25 : भागाकार 2.5. खिशात मावते, परंतु दिवस मावळताच निरुपयोगी.
- 20x50 व 10-30 पटींच्या झूम दुर्बिणी : मोठ्या पटीवर चित्र अंधूक, अरुंद आणि हलते. टाळावी.

खोक्यावर ‘50 पट’, ‘100 पट’, ‘नाइट व्हिजन’ असे छापलेल्या स्वस्त दुर्बिणींच्या नादी लागू नये. साध्या काचेच्या दुर्बिणीतून पूर्ण अंधारात दिसत नाही. तिचा खरा उपयोग दिवस मावळल्यानंतरचा अर्धा तास, पहाट आणि चांदणी रात्र यासाठी होतो.

दुकानात घ्यावयाच्या पाच चाचण्या

1. उजेडाचे वर्तुळ : दुर्बीण हातभर लांब धरून आकाशाकडे करावी (सूर्याकडे कधीही करू नये). डोळ्याच्या भिंगात उजेडाचे गोल वर्तुळ दिसले तर आतील प्रिझम चांगले. वर्तुळाच्या कडा कापल्यासारख्या, चौकोनी व करड्या दिसल्यास प्रिझम हलक्या प्रतीचे आहे.
2. लेप : पुढच्या भिंगावर हिरवट किंवा जांभळट झाक असावी. भडक लाल आरशासारखे भिंग उजेड परत फेकते. ते घेऊ नये.
3. जोड चित्र : दूरच्या विजेच्या तारांकडे पाहावे. तार दोन दिसली किंवा मिनिटभरात डोळे ताणले, तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. हा दोष घरी दुरुस्त होत नाही.
4. चष्मा : चष्मा लावणाऱ्यांनी चष्म्यासह पाहावे. डोळ्यांकडील रबर दुमडून किंवा फिरवून खाली करता आले पाहिजे आणि पूर्ण चित्र दिसले पाहिजे.
5. चाक : मधले चाक ना सैल, ना घट्ट असावे. उजव्या डोळ्यापाशी वेगळी कडी असावी. आधी उजवे भिंग झाकून डाव्या डोळ्याने चाकावर स्पष्ट करावे, मग डावे झाकून उजव्या डोळ्याने कडी फिरवावी.

कमी किमतीत सरळ नळीपेक्षा खांदा असलेली, म्हणजे पुढची भिंगे मागच्यापेक्षा लांब-लांब असलेली जुन्या घडणीची दुर्बीण सरस ठरते, कारण ती बनवायला सोपी असते. साधारण तीन ते सात हजार रुपयांत अशी 8x40 दुर्बीण मिळू शकते. दर बदलतात, म्हणून दोन-तीन ठिकाणी चौकशी करावी. ऑनलाइन घेतल्यास परत करण्याच्या मुदतीत वरील चाचण्या करून घ्याव्यात.

शेतात वापर कसा करावा?

- दिवस मावळण्यापूर्वी माळ्यावर बसावे. कोपर टेकवावेत. आधी शेताच्या कडा, ओढा, पाणंद आणि उसाचे फड सावकाश पाहावेत, मग पिकाच्या मध्यभागी यावे.
- रानडुक्कर शक्यतो ठरलेल्या वाटेने येते. सलग तीन-चार दिवस ती जागा पाहून वहीत वेळ व दिशा लिहावी. सौर कुंपण, जाळी किंवा काटेरी कुपाटी आधी त्याच बाजूला करावी. त्यामुळे खर्च वाचतो.
- बॅटरीच्या उजेडात हरीण व रोही यांचे डोळे चमकतात. रानडुकराचे तसे चमकत नाहीत. म्हणून केवळ बॅटरीवर विसंबू नये, आकार व हालचाल दुर्बिणीने पाहावी.
- कळप हुसकावताना त्याला बाहेर पडायची वाट मोकळी ठेवावी. अंधारात एकट्याने पिकात शिरू नये.
- कुंपणात घरगुती वीजप्रवाह कधीही सोडू नये. त्यात माणसे, जनावरे दगावतात आणि गुन्हाही दाखल होतो. सौर झटका यंत्राचा प्रवाह क्षणभराचा व थांबून-थांबून येणारा असतो. थेट विजेची बरोबरी त्याच्याशी करू नये.

नुकसान भरपाईसाठी उपयोग

रानडुक्कर, रोही, हरीण यांनी केलेल्या पीक नुकसानीची भरपाई वन विभागाकडून मिळते. त्यासाठी नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत वन विभागाकडे तक्रार नोंदवावी लागते. त्यानंतर पंचनामा होतो. कोणता प्राणी होता, हे सांगता येणे येथे कामाला येते. मोबाइलचा कॅमेरा दुर्बिणीच्या डोळ्याकडील भिंगाला लावून फोटो काढावा. उजेड असल्यास ओळख पटण्याइतका फोटो मिळतो. त्यासोबत खुणाही टिपाव्यात :

- रानडुक्कर : उकरलेली माती, मोडलेली मक्याची ताटे, बुडाशी चावलेला ऊस.
- हरीण : कोवळे शेंडे खुडलेले, खुरांचे लहान टोकदार ठसे.
- रोही : उंचावरचे तुरीचे शेंडे खाल्लेले, मोठे खूर, एकाच जागी लेंड्यांचे ढीग.

पंचनामा होईपर्यंत नुकसान झालेला भाग नांगरू किंवा कापू नये.

निगा

पावसाळ्यात भिंगाच्या आत बुरशी धरते. वापरानंतर दुर्बीण कोरडी करून सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी. भिंगावरची धूळ आधी फुंकून किंवा मऊ ब्रशने काढावी, मगच स्वच्छ सुती कापडाने हलक्या हाताने पुसावे. उपरण्याने घासल्यास लेप निघतो. फवारणीच्या औषधांजवळ दुर्बीण ठेवू नये.

शेजारच्या चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एक चांगली 8x40 दुर्बीण घेतली आणि जागलीच्या पाळ्या लावल्या, तर प्रत्येकाच्या वाट्याला खर्च थोडा येतो. डुकराची वाट एका शेतातून दुसऱ्यात जातेच, त्यामुळे वहीसुद्धा एकच ठेवावी. कोणत्या बांधावर आधी कुंपण करायचे, हे त्या नोंदींवरून ठरवावे.