सरकती खिडकी जड का होते?

खिडकी सरकेनाशी झाली की दोष काचेच्या वजनाला दिला जातो. पण 5 मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला साधारण 12.5 किलो भरते आणि पहिल्या दिवसापासून तेवढीच राहते. वाढते ते घर्षण. रुळात धूळ साचते, तळाची चाके झिजतात किंवा अडकतात, आणि पल्ला चाकांवर धावण्याऐवजी घासत जातो. मग तेल सोडले की झाले, असे कोणी म्हणेल. थोडे दिवस भागतेही. पण तेलकट रुळावर धूळ चिकटून तिचा लगदा होतो. त्यापेक्षा रूळ ब्रशने घासून, ओल्या फडक्याने पुसून, कोरडा झाल्यावर सिलिकॉन स्प्रे मारावा. तरीही अडलेच, तर चाके बदलावीत. वरच्या मजल्यावर मात्र पल्ला स्वतः काढू नका, कारागीर बोलवा.