आजोबांचा चष्मा आणि नाकावरचे चट्टे

मागच्या उन्हाळ्यात शिरपूरचाच एक तरुण दवाखान्यात आला. नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल, खाजरे चट्टे. कानांमागची कातडी चिघळून पाणी सुटलेले. गजकर्ण समजून त्याने मेडिकलमधून आणलेली ट्यूब दोन महिने चोळली होती. मी त्याचा चष्मा मागून घेतला. गोल, धातूचा, जुन्या घडणीचा. "आजोबांचा आहे, डॉक्टरसाहेब. त्यांच्या पेटीत सापडला. काचा तेवढ्या नवीन घातल्या," तो म्हणाला.

जुन्या फ्रेम जपण्याची, वापरण्याची हौस वाईट नाही. गांधीजींचा समजला जाणारा असाच एक गोल चष्मा २०२० साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टल येथे २ लाख ६० हजार पौंडांना लिलावात गेला. पण घालायचा म्हटला की कातडीलाही विचारावे लागते.

पुष्कळ जुन्या फ्रेम जर्मन सिल्व्हरच्या असतात. नावात चांदी, पण आत तांबे, जस्त आणि निकेल. वरचा मुलामा झिजला की घामात निकेल थोडेथोडे विरघळते. काहींच्या कातडीला ते सोसत नाही. खोट्या दागिन्यांनी ज्यांचे कान चिघळतात, त्यांनी तर विशेष जपावे. ही ॲलर्जी एकदा जडली की बहुधा जन्मभर राहते.

खरा धोका ट्यूबचा आहे. अशा पुष्कळ ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते. ते डोळ्यांजवळ फार दिवस लावले तर कातडी पातळ होते, डोळ्यांतला दाब वाढून काचबिंदूही होऊ शकतो. म्हणून अशी ट्यूब मनाने लावू नये.

"मग चष्मा फेकून देऊ?" त्याने विचारले. फेकायचा कशाला! मी ट्यूब बंद केली, चष्मा उतरवायला लावला आणि डोळ्यांचा दाब तपासून घ्यायला वाशिमला पाठवले. दाब ठीक निघाला. काही आठवड्यांत चट्टे गेले. आता तो रोज प्लास्टिकची फ्रेम वापरतो. आजोबांचा चष्मा डबीत जपून ठेवला आहे.

ज्यांना ॲलर्जी नाही, त्यांनी जुनी फ्रेम खुशाल वापरावी. मात्र नाकावरची पॅड नवी बसवावीत, काड्यांवर सिलिकॉनची नळी चढवावी, घाम रोज पुसावा. आणि जुन्या काचा आधी बदलाव्यात. फ्रेम वारशाने मिळते, नंबर मिळत नाही!